काड्या फुल आहेत, पण टावरचं घड्याळ जुळलं काय?

माननीय संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आमच्याकडच्या एका टावरची बातमी आली होती, फोटोसकट, की गावाच्या डोक्यावर टावर उभा आहे, त्याच्यावर अँटेनाचे सहा पॅनल लागले आहेत, मोबाईलवर काड्या फुल दिसतात पण नेट चालत नाही अन् फोन लागलाच तर मधातच कटून जातो, आणि बातमीच्या शेवटी गावकऱ्यांची मागणी होती की कंपनीनं अजून अँटेना बसवाव्या. बातमी खरी आहे, आम्ही पण हे भोगलेलं आहे. पण ती मागणी वाचून मला राहवलं नाही. मी सत्तावीस वर्षं पॉलिटेक्निकमधे इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, आता रिटायर होऊन घाटंजी तालुक्यात आपल्या गावी वावर पाहतो, आणि वर्गात सगळ्यात जास्त घसा मी ह्याच विषयावर कोरडा केला की सिग्नल येणं वेगळं अन् सिग्नल जुळणं वेगळं. जुळणी बिघडलेली असताना नुसत्या अँटेना वाढवल्या तर भानगड वाढते, कमी होत नाही. हे लोकांना कोणी सांगत नाही म्हणून जरा लांबलचक लिहून राहिलो, सांभाळून घ्या.

आमच्याच गावचं सांगतो. दोन वर्षाआधी श्रावणात आठ दिवस झड लागली होती, सूर्य दिसला नाही, अन् त्या झडीनंतर नेट असं बसलं की विचारू नका. काड्या चारच्या चार. पण कृषी केंद्रात खताचे पैसे द्यायला स्कॅनर लावला की चक्री फिरतच राहायची, पोरीचा कॉलेजचा फॉर्म अपलोड होता होता अटकायचा, अन् बाजूच्या दोन गावातही तोच त्रास सुरू झाला, ज्यांचा टावर वेगळा आहे. कस्टमर केअरला फोन केला तर एकच उत्तर, तुमच्या भागात सिग्नल उत्तम आहे, हँडसेट बंद करून चालू करा. शेवटी एक टेक्निशियन आला, पंचविशीतलं पोरगं, मी त्याच्या मागंमागं कंपाउंडमधे गेलो. तो वर चढलाच नाही. खालच्या कॅबिनेटच्या बाजूला पाइपावर उलट्या वाटीएवढा एक पांढरा डबा होता, त्याच्या खालची काळी टेप त्यानं सोडली, कनेक्टर फिरवून काढला अन् त्याच्यातून पाणी गळलं, थेंब थेंब, आतलं तांबं हिरवं पडलं होतं. "काका, याचा अलार्म चार दिवसापासून येऊनच राहिला होता," तो म्हणे. त्यानं केबल बोटभर कापली, नवीन कनेक्टर चढवला, टेप गुंडाळली, अन् पाऊण तासात तिन्ही गावचं नेट सुरू. वरच्या पॅनलला हातसुद्धा लागला नाही.

तो पांढरा डबा म्हणजे जीपीएसची अँटेना. शेजारचे भाऊ मला विचारू लागले की सर, जीपीएस तर रस्ता पाह्यला लागते, टावरला कायले पाह्यजे. टावरला ती वेळ पाह्यला लागते. आमच्या टावरवर ज्या पट्ट्यात नेट चालतं तिथं बोलणं अन् ऐकणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आहे, पाळीपाळीनं, आधी टावर बोलणार मग मोबाईल बोलणार, आणि आजूबाजूचे सगळे टावर एकाच वेळी बोलले अन् एकाच वेळी गप बसले तरच हे जमतं. यासाठी टावरा-टावरांमधला वेळेचा फरक ३ मायक्रोसेकंदाच्या आत ठेवावा लागतो, म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले तीन. आपल्या हातातलं साधं क्वार्ट्झचं घड्याळ दिवसाला अर्धा सेकंद सहज इकडंतिकडं होतं. टावरमधलं घड्याळ त्याच्यापेक्षा हजारो पटीनं चांगलं असतं तरी जीपीएस तुटलं की ते आपल्या भरवशावर किती दिवस चालणार, थोडं थोडं सरकतंच. मग आपला टावर ऐकायला बसतो तेव्हा बाजूचा टावर जोरात बोलत असतो अन् मोबाईलचा बारीक आवाज त्यात बुडून जातो. काड्या मात्र फुल, कारण काडी ही फक्त टावरचा आवाज तुमच्यापर्यंत किती मोठा येतो ते सांगते. तुमचं त्याला ऐकू जातं की नाही हे काडीवर दिसत नाही.

आता मूळ मुद्दा, जीपीएसला ही वेळ कशी कळते अन् मोबाईल टावरला कसा जुळतो. इथं एक जुनी पद्धत आहे, स्प्रेड स्पेक्ट्रम. एक बिट, म्हणजे माहितीचा एक शून्य किंवा एक, पाठवायचा तर तो तसाच न पाठवता त्याच्या जागी शेकडो बारीक तुकड्यांची एक ठरलेली माळ पाठवायची. त्या तुकड्याला चिप म्हणतात, मोबाईलमधल्या चिपशी त्याचा संबंध नाही. माळ वाऱ्यावर सोडल्यासारखी दिसते, कशाचा कशाला मेळ नाही अशी, पण पाठवणाऱ्याला अन् घेणाऱ्याला ती तोंडपाठ असते. यानं सिग्नल एवढा पसरतो की तो नॉइजच्या खाली दबून जातो, आणि तरी सापडतो. जीपीएसचा उपग्रह जमिनीपासून वीस हजार किलोमीटरच्या वर आहे, त्याचा सिग्नल आपल्या मोबाईलपर्यंत येतो तेव्हा रिसिव्हरच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा पन्नास-साठ पटीनं बारीक असतो. तो कानानं ऐकू येणार नाही, मीटरवर दिसणार नाही. फक्त माळ जुळवूनच सापडतो.

पोरांना हे फळ्यावर सांगून कधी कळलं नाही, म्हणून मी दाणे घेऊन वर्गात जायचो. हरभऱ्याचे चार दाणे अन् सरकीचे तीन. टेबलावर एका ओळीत मांडायचे, तीन हरभरे, दोन सरक्या, एक हरभरा, एक सरकी. त्याच्या खाली तशीच्या तशी दुसरी ओळ. आता वरखाली पाहा, सारखे दाणे समोरासमोर आले की एक मार्क द्या, वेगळे आले की एक मार्क कापा. सातही जुळले, सात मार्क. आता खालची ओळ फक्त एक घर उजवीकडं सरकवा. सहा जोड्या उरल्या, त्यातल्या तीन जुळतात अन् तीन जुळत नाहीत, मार्क शून्य. दोन घरं सरकवा, पाच जोड्या, दोन जुळल्या अन् तीन नाही, मार्क उणे एक. तीन घरं, पुन्हा शून्य. कितीही सरकवा, शून्य किंवा उणे एक, अन् बरोबर जागेवर आणली की एकदम सात. पोरं हे स्वतःच्या हातानं करायची तेव्हा त्यांचे डोळे मोठे व्हायचे, ते मी विसरणार नाही. ही ओळ बार्कर नावाच्या इंजिनिअरनं १९५३ मधे सिंक, म्हणजे वेळेची जुळणी, करण्यासाठीच काढलेल्या कोडांपैकी आहे, आणि सुरुवातीच्या वायफायमधे त्याच घराण्यातला अकरा चिपचा कोड वापरलेला होता. जीपीएसचा नागरी कोड १०२३ चिपचा आहे, एका मिलिसेकंदात पूर्ण माळ संपते अन् पुन्हा सुरू होते, एकेक चिप म्हणजे साधारण ३०० मीटरचं अंतर. प्रत्येक उपग्रहाची माळ वेगळी. रिसिव्हर काय करतो, तर आपल्याजवळची माळ एकेक, खरं तर अर्धं-अर्धं घर सरकवून पाहतो की मार्क कुठं उसळतात.

पण नुसतं सरकवून भागत नाही. उपग्रह पळत असतो, त्याच्यामुळं फ्रिक्वेन्सी पाच हजार हर्ट्झपर्यंत वर किंवा खाली जाते, आणि मोबाईलचा स्वतःचा क्रिस्टलही, म्हणजे त्याच्या आतलं घड्याळ, थोडा चुकीचा असतोच. म्हणून रिसिव्हरला पाचशे-पाचशे हर्ट्झच्या पायऱ्यांनी फ्रिक्वेन्सीही शोधावी लागते. अर्ध्या चिपच्या २०४६ जागा अन् फ्रिक्वेन्सीच्या वीस पायऱ्या, गुणाकार करा, चाळीस हजारांच्या वर खाने होतात, एका उपग्रहासाठी. ई-पीक पाहणीच्या वेळी माणूस पऱ्हाटीत उभा राहून मोबाईल आभाळाकडं धरतो अन् लोकेशन येता येत नाही, तेव्हा तो बिचारा मोबाईल हे खाने चाळत असतो. नेट असलं तर कोणता उपग्रह कुठं आहे हे त्याला टावरकडून आयतं मिळतं, नेट नसलं तर ते उपग्रहाकडूनच उतरवावं लागतं, सेकंदाला फक्त ५० बिटच्या चालीनं, एका उपग्रहाची माहिती पुरी यायला तीस सेकंद, मधात झाडाखाली गेले की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी लोकांना सांगत असतो की धुऱ्यावरच्या निंबाखालून बाहेर या, उघड्यावर एक-दोन मिनिटं हलू नका. यात अडाणीपणा कोणाचाच नाही, कामच एवढं बारीक आहे.

एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. वीस वर्षाआधी आमच्याकडं वायरलेसचे लँडलाइन फोन आले होते, डब्ल्यूएलएल, लोक बांबूवर अँटेना बांधायचे. त्यातले बरेच सीडीएमएचे, म्हणजे पक्कं स्प्रेड स्पेक्ट्रम. सेकंदाला १२ लाख २८ हजार ८०० चिप, आवाजाच्या एकेका बिटाचे १२८ तुकडे. त्या पद्धतीत एक अशी गोष्ट होती की तिचा विचार केला की मला आजही हात जोडावेसे वाटतात. सगळ्या टावरांची ओळखीची माळ एकच होती, ३२,७६८ चिपची. मग हा टावर कोणता अन् तो कोणता हे फोनला कसं कळायचं? तर प्रत्येक टावर तीच माळ थोडी उशिरा सुरू करायचा, ६४ चिपच्या पटीत, असे ५१२ वेगवेगळे उशीर बसतात. टावरचं नाव म्हणजेच त्याची वेळ. ६४ चिप म्हणजे ५२ मायक्रोसेकंद. एखाद्या टावरचं घड्याळ तेवढं सरकलं तर फोनला तो दुसराच टावर वाटणार! त्या काळातही त्या टावरांना जीपीएस लागायचं ते याच्यासाठी.

स्प्रेड स्पेक्ट्रमचं मूळ तर अजून मागं जातं, हॉलिवूडची नटी हेडी लॅमार अन् संगीतकार जॉर्ज अँथाईल यांना १९४२ मधे याच्या एका प्रकाराचं पेटंट मिळालं होतं, पाणतीराला, म्हणजे टॉर्पेडोला, रेडिओनं चालवताना शत्रूला सिग्नल अडवता येऊ नये म्हणून ८८ फ्रिक्वेन्सींवर उड्या मारायच्या. त्यातही दोन्हीकडं भोकं पाडलेल्या कागदाच्या सारख्या गुंडाळ्या होत्या आणि त्या सोबत फिरल्या तरच काम होणार होतं. म्हणजे पहिल्या दिवसापासून अडचण हीच आहे, दोघांनी सोबत सुरुवात करायची.

आता येतो अनेक अँटेनांवर, कारण बातमीतली मागणी तीच आहे. आमच्या गावात भागवत सप्ताहाला दोन भोंगे लागतात, एक मंदिरावर अन् एक पार वेशीजवळ. गावात बसलं की ठीक वाटतं. पण वावरात गेलं की एकच ओळ दोनदा ऐकू येते, एक आधी एक नंतर, अन् शब्द एकमेकांवर चढून सगळा कालवा होतो, कारण आवाज सेकंदाला ३४० मीटरच जातो अन् दोन भोंग्यांचं अंतर सारखं नाही. दोन अँटेनांवरून एकच माळ सोडली की रिसिव्हरचं असंच होतं, दोन लहरी एका जागी एकमेकीत मिसळून वाढतात तर वीतभर बाजूला एकमेकीला मारून टाकतात. भिंतीवरच्या एकाच खिळ्याला मोबाईल अडकवला तर रेंज येते अन् बाजूच्या खिळ्याला येत नाही, हे घराघरात पाह्यलं असेल. दोन हजार मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबीच १५ सेंटिमीटर आहे.

म्हणून अँटेनांना वेगवेगळी ओळख द्यावी लागते. थ्रीजीच्या नियमात दोन अँटेनावाला टावर असेल तर सिंकची २५६ चिपची माळ एका पाळीत पहिल्या अँटेनावरून अन् पुढच्या पाळीत दुसरीवरून सोडायची सोय होती, म्हणजे मोबाईल एका अँटेनासाठी वाईट जागी उभा असला तरी दुसरी पाळी त्याला हाती लागते. आणि ओळखीचा सतत चालणारा जो सिग्नल आहे त्याचा नमुना दोन्ही अँटेनांवर वेगळा, म्हणजे मोबाईलला कोणत्या अँटेनाकडून किती अन् कसं आलं ते सोडवून घेता येतं. फोरजी-फायजी ही स्प्रेड स्पेक्ट्रमची पद्धत नाही, हे मी मुद्दाम सांगतो कारण पोरं परीक्षेत इथंच चुकतात. पण दार उघडायची किल्ली तिथंही माळच आहे, फायजीचा मोबाईल चालू केला की तो सगळ्यात आधी १२७ तुकड्यांचा ठरलेला कोड हुडकतो, हरभरा अन् सरकीसारखाच.

ऐकणाऱ्या बाजूला जास्त अँटेना असल्या की फायदा मोठा आहे, पण तोही फुकट नाही. आमच्याकडं रानडुकरांसाठी रातभर जागल करावी लागते. एकटा माणूस मचाणावर असला तर पान सळसळलं तरी ओरडायचं की नक्की खात्री पटल्यावर ओरडायचं हा प्रश्न असतो, सळसळीला ओरडला तर रात्रभर अख्खा शिवार जागा, खात्रीची वाट पाह्यली तर तूर साफ. रिसिव्हरचंही हेच आहे, मार्क किती आले की सापडलं म्हणायचं ती रेघ खाली ठेवली तर खोटे सापडतात, वर ठेवली तर खरा सुटतो. दोन मचाणावर दोघं असले अन् दोघांची चाहूल एकत्र मोजली तर रेघ वर ठेवूनही डुक्कर सुटत नाही. रिसिव्हर दोन्ही अँटेनांचे मार्क काढतो, त्यांचा वर्ग करून बेरीज करतो अन् मग ठरवतो. पण यात दोन्ही मचाणावरची घड्याळं जुळलेली पाहिजेत, नाहीतर एकानं बाराला ऐकलेलं अन् दुसऱ्यानं एकला ऐकलेलं एकत्र धरून उपयोग काय.

हे मी पुस्तकातलं सांगून नाही राहिलो. मागच्या उन्हाळ्यात पुतण्या डिप्लोमाच्या सुट्टीत घरी होता, त्यानं दोन यूएसबीचे रेडिओ रिसिव्हर मागवले, स्वस्तातले. जीपीएसच्या दोन छोट्या अँटेना घेतल्या, त्यांना खाली लोहचुंबक असतं, घराच्या टिनावर हातभर अंतरानं चिकटवल्या अन् तारा खिडकीतून आत घेतल्या. लॅपटॉपवर त्यानं तोच दाण्यांचा खेळ लिहिला, १०२३ चिपचा. तीन दिवस काहीच सापडलं नाही. स्क्रीनवर मार्कांचा आलेख पाह्यला तर सगळीकडं सारखं गवत, कुठं टोक नाही. पोरगं म्हणे, "मोठेबाबा, अँटेनाच खराब आल्या." मी म्हटलं तुझा क्रिस्टल पाहा आधी. स्वस्त रिसिव्हरचा क्रिस्टल दहा लाखात पंचवीस-तीसनं सहज चुकतो, आणि जीपीएसची फ्रिक्वेन्सी आहे १५७५ मेगाहर्ट्झ, गुणाकार केला तर चाळीस हजार हर्ट्झची चूक. अन् आपण शोधून राहिलो होतो पाच हजार वर अन् पाच हजार खाली, पुस्तकात तेवढंच लिहिलेलं असतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी शोध मोठा केला अन् त्या गवतातून एकदम एक टोक उभं राहिलं, ताडासारखं, एकटं. वीस हजार किलोमीटरवरून आलेलं, आमच्या टिनावर. मी सत्तावीस वर्षं शिकवलं पण असं स्वतःच्या घरात कधी पाह्यलं नव्हतं, खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं.

मग दुसरी अँटेना लावली. तिचंही टोक आलं, पण वेगळ्याच जागी, आणि बघता बघता दोन्ही टोकं एकमेकांपासून दूर पळायला लागली. रिसिव्हर दोन, क्रिस्टल दोन, म्हणजे घड्याळं दोन. पुतण्यानं मग हिंमत केली, एका रिसिव्हरचा २८.८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल सोल्डरिंग गननं काढून टाकला अन् दुसऱ्याच्या क्रिस्टलची बारीक तार त्याला जोडली, भिंग लावून, हात थरथरत होते. आता दोघांचं घड्याळ एक. पळापळ थांबली. तरी टोकं एका जागी आली नाहीत, कारण लॅपटॉपनं दोघांकडून डेटा घ्यायला वेगवेगळ्या क्षणी सुरुवात केलेली, तो फरक कायम होता पण फरक होताच. तो त्याच टोकांवरून मोजला, एकाचा डेटा तेवढा सरकवला, तेव्हा कुठं दोन अँटेना मिळून एक झाल्या अन् टोक गवताच्या वर अजून ठळक उठलं. म्हणजे पाहा, एका घरात हातभर अंतरावर दोन अँटेना, त्यांचं जुळवायला आम्हाला पंधरा दिवस लागले. टावरवर जेव्हा एका पॅनलमधे चौसष्ट अँटेना असतात तेव्हा आत किती काटेकोर काम चालत असेल त्याची कल्पना करा. ते घड्याळ बिघडलेलं ठेवून वरून अजून पॅनल टांगायचं, याला अर्थ नाही.

यात आपली माणसं फार पुढं होती हेही पोरांना माहीत नसतं. अनेक अँटेनांनी एकाच फ्रिक्वेन्सीवर जास्त डेटा नेण्याचं जे तंत्र आज प्रत्येक मोबाईलमधे आहे, त्याचं सुरुवातीचं पेटंट १९९४ मधे आरोग्यस्वामी पॉलराज अन् थॉमस कैलाथ या दोघांना मिळालं. पॉलराज हे आधी आपल्या नौदलात होते. कैलाथ यांचा जन्म पुण्यातला अन् इंजिनिअरिंग पुण्याच्या कॉलेजातलं. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटरच्या तीस डिश २५ किलोमीटरमधे पसरलेल्या आहेत, तिथंही तीस अँटेनांचे सिग्नल वेळेत जुळवूनच आभाळाचं चित्र निघतं. सहलीला पोरं शेगावला नेतात तसं एकदा तिथंही न्यायला पाहिजे.

आता मागण्या. पहिली मागणी कंपन्यांना, सगळ्याच, मी कोणा एकीचं नाव घेत नाही. टावरच्या जीपीएसचा अलार्म आला की त्याच दिवशी माणूस पाठवा. आमच्याकडं पाणी शिरलेल्या एका कनेक्टरसाठी तीन गावं बसून राहिली, खताचे दिवस होते. कस्टमर केअरच्या पोरांना उत्तर द्यायला शिकवता तर एवढंही शिकवा की काड्या फुल असून अपलोड होत नसेल अन् बाजूच्या गावातही तेच असेल तर ती तक्रार हँडसेटची नाही, टावरच्या सिंकची असू शकते, ती तशी नोंदवा.

दुसरी मागणी सरकारला. आपल्या टावरांची वेळ परक्या देशाच्या उपग्रहांवर सोडू नका. आपलं नाविक आहे, म्हणजे जीपीएससारखीच आपल्या देशाच्या उपग्रहांची यंत्रणा. त्याचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला, पण त्याच्यातली तिन्ही बाहेरून आणलेली अणुघड्याळं बंद पडली, यावरूनच कळतं की या सगळ्यात घड्याळाची किंमत काय. पुढं २९ मे २०२३ ला नाविकचाच नवा उपग्रह एनव्हीएस-०१ गेला त्यात देशात बनवलेलं रुबिडियमचं घड्याळ बसवलं, केवढी अभिमानाची गोष्ट. पण त्यानंतरचा एनव्हीएस-०२ जानेवारी २०२५ मधे सुटूनही ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. म्हणून सांगतो, या कामाला अजून पैसा अन् माणसं लागतील ती द्या, अन् टावरच्या त्या पांढऱ्या डब्याला जीपीएस अन् नाविक दोन्हीकडची वेळ घेता आली पाहिजे असं बंधन घाला. जिथं फायबर पोचली तिथं फायबरवरूनही वेळ पाठवता येते, तीही सोबत जोडून ठेवा.

तिसरी मागणी आपल्या भागातल्या पॉलिटेक्निक अन् आयटीआयला, आणि ही माझ्या सगळ्यात जवळची. पोरं सिंकवर दहा मार्काचं उत्तर पाठ करतात, आकृती काढतात, पास होतात, अन् टावरच्या कामावर लागली की कनेक्टरमधलं पाणी पाह्यल्यावरच त्यांना कळतं की हे काय असतं. आम्ही टिनावर जे केलं त्याला एका मोबाईलपेक्षाही कमी खर्च आला. प्रत्येक बॅचला एकदा तरी ते टोक गवतातून उठताना दाखवा. ज्या सरांना हवं असेल त्यांना पुतण्यानं लिहिलेला प्रोग्राम अन् क्रिस्टल जोडायची पद्धत मी फुकट देईन, दाणे पण देईन, माझा पत्ता आपल्या ऑफिसात लिहून ठेवला आहे. पोळ्यानंतर निंदणाचा जोर कमी झाला की मी कोणत्याही कॉलेजात स्वखर्चानं येतो.

आणि त्या बातमीतल्या गावच्या मंडळींना एक विनंती, ग्रामसभेत अजून अँटेनाचा ठराव घ्यायच्या आधी कंपाउंडच्या बाहेरूनच तो पांढरा डबा पाहून घ्या. तो उघड्या आभाळाखाली आहे की त्याच्यावर झाडाची फांदी आली, कोणी बाजूला टिनाचं शेड टाकलं काय, खालची काळी टेप सुटून लोंबते काय, वानरांनी केबल कुरतडली काय. फोटो काढा, तारीख टाका, अन् कंपनीला लेखी विचारा की या टावरला जीपीएसचा शेवटचा अलार्म कधी आला होता अन् तो कोणी, किती तारखेला बंद केला.

आपला,
एक वाचक (निवृत्त अधिव्याख्याता, इलेक्ट्रॉनिक्स)
ता. घाटंजी, जि. यवतमाळ